बोअरच्या पाण्यातले चोवीस

पहाटे ४.१०

गॅलरीतला दिवा मी लावत नाही. मोबाइलचा उजेड बोटांआड धरून टब बघतो. दिवा लागला की मासे खायला मागत वर येतात, आणि आज त्यांना काही मिळणार नाही. काल सकाळपासूनच खाणं बंद आहे; भरल्या पोटी प्रवास केला की पिशवीतलं पाणी नासतं. टबात चोवीस पिल्लं आहेत. दहा पिवळी धमक, चौदा निळ्यावर काळे पट्टे असलेली. तीन आठवडे ती माझ्याकडे पाहुणी आहेत. या काळात कुणाची शेपटी झडली नाही, कुणाच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठले नाहीत, कुणी घास तोंडात घेऊन परत थुंकला नाही. आज त्यांची पाठवणी.

अर्धा कप चहा पोटात ढकलून डोंबिवली स्टेशन गाठतो. रविवार आहे, मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत जाऊन यायचं.

पहाटे ५.३०, कुर्ला

मला इथून मासे घ्यायचे नाहीत. हवेत स्पंज, एअर पंपाची नळी आणि फिल्टरमध्ये ठेवायच्या जाळीच्या पिशव्या. पण रंगीत माशांच्या बाजारात येऊन पिशव्या न बघता परतणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. फुगवलेल्या पिशव्यांमागे टॉर्च धरून जो तो आपला माल दाखवतो. बराचसा माल चेन्नईच्या कोळत्तूरचा, काही हावड्याकडचा. एका पिशवीत बोटाच्या पेराएवढी तीसेक रंगीबेरंगी पिल्लं. ‘मिक्स आफ्रिकन, घ्या ना, सगळे कलर आहेत.’

या ‘मिक्स आफ्रिकन’ने जेवढ्या टाक्या नासवल्या तेवढ्या रोगांनीही नसतील. एक तर आफ्रिका म्हणजे एक तलाव नव्हे. मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया, तीन तलावांतले सिक्लिड मासे तीन स्वभावांचे. त्यातून एकट्या मलावीतल्या जातीच शेकड्यांनी मोजाव्या लागतात. दुसरं म्हणजे, पिल्लाचा रंग आणि मोठ्या माशाचा रंग एकच असेल याची हमी नाही. केन्यी नावाचा मासा लहानपणी सुरेख निळा असतो. माद्या निळ्याच राहतात, नर वयात आले की पिवळे होतात. निळा मासा घेऊन गेलेला माणूस सहा महिन्यांनी पिवळ्याची तक्रार घेऊन येतो, तोवर त्या पिवळ्याने टाकीतले निम्मे शेजारी संपवलेले असतात. पिशवीत ऑराटसही होते, सोनेरी अंगावर काळे-पांढरे पट्टे. एवढं देखणं आणि एवढं भांडकुदळ पिल्लू दुसरं नाही. माझ्या शेजारी एका बापलेकाने तीच पिशवी उचलली. मी बोललो नाही. दुकानदाराच्या तोंडासमोर त्याचं गिऱ्हाईक तोडत नाहीत.

सकाळी ८.३०

घरी परत. टबातलं निम्मं पाणी आधी काढून टाकायचं, मग जाळी फिरवायची. भरल्या टबात मासे पकडणं म्हणजे नुसती पळापळ. एका पिशवीत सहा, अशा चार पिशव्या. एक भाग पाणी, दोन भाग हवा. प्रत्येक पिशवीवर दुसरी पिशवी, कोपरे रबराने बांधलेले, नाहीतर पिल्लं कोपऱ्यात अडकून चेंगरतात. सगळं थर्माकोलच्या खोक्यात. रिक्षाने वीस मिनिटांचं अंतर आहे, ऑक्सिजन भरायची गरज नाही.

सकाळी ९.४५

सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने वहीत लिहिलं, ‘मासे’. मग खोक्याकडे बघून विचारलं, ‘पापलेट काय?’

चौथा मजला. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू शाळेतून. नातू शनिवार-रविवार इकडेच असतो. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. अडीचशे लिटरच्या आसपास. पाणी, वाळू, दगड, काच मिळून चारशे किलोंच्या घरात वजन जातं. म्हणून ती हॉलच्या मधोमध नाही, तर खाली बीम असलेल्या भिंतीशी. लोखंडी स्टँड, त्यावर प्लाय, त्यावर थर्माकोलचा पत्रा. पाणसळ लावून मी तो स्टँड दोनदा उचलायला लावला होता तेव्हा काका वैतागले होते.

त्याला आज सव्वा महिना झाला. सव्वा महिना टाकीत पाणी आहे, दिवा आहे, फिल्टर चालू आहे, आणि मासा एकही नाही. शेजारचे येऊन विचारायचे, ‘मासे कुठायत?’ काका सांगायचे, ‘सध्या पाणी पाळलंय.’

त्या पाण्याला आम्ही नवसागर खाऊ घालत होतो. पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना वापरतात तोच नवसागर, फक्त प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातला, शुद्ध. एका वेळी सव्वा ग्रॅम. त्यातून पाण्यात अमोनिया येतो, जसा पुढे माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून येणार. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू विकत आणता येतात असं बाटल्यांवर लिहिलेलं असतं. मी माझ्या जुन्या टाकीचा मळका स्पंज या फिल्टरमध्ये पिळतो आणि वाट बघतो. मलावीच्या टाकीत ही वाट बघणं टाळता येत नाही, कारण अमोनियाचं विष पाण्याच्या पीएचवर ठरतं. ७ पीएचला ज्या अमोनियात मासा निभावून नेतो, तेवढाच अमोनिया ८.२ ला दहापटीहून जास्त जहरी होतो. आणि या माशांना पीएच आठच्या आसपासच लागतो.

सकाळी १०.१५

काचेच्या चार नळ्या, ड्रॉपर, रंगांचा तक्ता. नातू थेंब मोजतो. काल सकाळी शेवटचा नवसागर टाकला होता. अमोनियाची नळी पिवळी, म्हणजे शून्य. नायट्राइटची आकाशी, म्हणजे शून्य. नायट्रेटची लालभडक. चोवीस तासांत सगळा अमोनिया पचला. टाकी तयार आहे.

नायट्रेट मात्र उतरवायला हवं, म्हणून निम्म्याहून जास्त पाणी बदलायचं. जुनं पाणी काकूंनी बादल्या लावून अडवलं. कुंड्यांना चांगलं असतं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. नवं पाणी कुठलं, यावर मात्र सव्वा महिन्यापूर्वी घरात रण माजलं होतं.

इथलं नळाचं पाणी नदीचं, हलकं. मीटरवर नव्वदच्या आसपास क्षार. त्यात निऑन टेट्रा सुखी राहतील, मलावीचे मासे राहणार नाहीत. सोसायटीत बोअर आहे. त्याचं पाणी फ्लशला आणि बागेला. बादलीवर पांढरे ओघळ, साबणाला फेस नाही, आणि काकूंच्या शब्दांत ‘त्यात डाळ मेली तरी शिजत नाही’. मी ते पाणी मीटरवर धरलं तर सहाशेच्या वर. नायट्रेट नाममात्र. मी म्हटलं, ‘काकू, लॉटरी लागली तुम्हाला.’ त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

एरवी हे पाणी बनवावं लागतं: खायचा सोडा, शेतकी दुकानातलं एप्सम सॉल्ट, मोजून, विरघळवून, दर आठवड्याला. इथे ते पाइपातून येतं. मात्र नुसतं बोअरही नको. मलावी तलावाचं पाणी अल्कधर्मी असलं तरी बोअरएवढं जड नाही. निम्मं बोअर, निम्मं नळाचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन मारायला हायपोचे खडे. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण जमिनीखालून ताजं आलेलं पाणी गुदमरलेलं असतं, त्यात प्राणवायू कमी आणि कर्बवायू जास्त. म्हणून काल रात्रीच ड्रम भरून त्यात एअर पंप सोडायला सांगितला होता. सकाळी पीएच ८.१. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा चुरा, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो. पाणी आंबट व्हायला लागलं की तो थोडाथोडा विरघळतो.

हेच मिश्र पाणी मी तीन आठवडे माझ्या टबात वापरलंय. पिल्लं इथल्या पाण्याला आधीच सरावलीत.

सकाळी ११.३०

दगड. टाकीत पन्नासेक किलो काळा पाषाण आहे, खाणीतला, घासून, उकळत्या पाण्याने धुऊन. वाळू टाकायच्या आधी दगड बसवायचे, थेट तळावर. कारण हे मासे उकरतात. वाळूवर दगड ठेवला की महिनाभरात खालून पोखरून तो पाडतात, आणि पडला तर काचेवर. मी प्रत्येक दगड हाताने हलवून पाहिला. दोन कपारी एकमेकींच्या फार जवळ वाटल्या, मध्ये आणखी एक दगड उभा केला. एका दाराच्या कपारीत कोंडी होते. म्हणून प्रत्येक बिळाला मागची वाट हवी.

नातवाने खिशातून प्लास्टिकचा पाणबुड्या काढला. तोंडातून बुडबुडे सोडणारा. मी नाही म्हटलं. मग निळे खडे? नाही. एक गोल्डफिश? नाही. एक मोठा लाल? नाही. ‘मग तुम्ही काय देता?’ त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. माझ्या धंद्यातले निम्मे पैसे ‘नाही’ म्हणण्याचे असतात, आणि गिऱ्हाईक नेमके तेच द्यायला कुरकुरतं.

दुपारी १२.४५

‘तुम्हाला मासे चालतात ना?’ काकूंनी ताट वाढताना विचारलं. चालतात. सुरमईचं कालवण होतं, आणि आमटी. नळाच्या पाण्यातली.

नातवाने अ‍ॅटलास आणला. मलावी तलाव शोधून दिला: मलावी, मोझांबिक, टांझानिया, तिन्ही देशांना लागून, उभा, चिंचोळा. लांबी मुंबई-गोवा रस्त्याएवढी, खोली काही ठिकाणी सातशे मीटर. पण आपले मासे त्या खोलीतले नाहीत. तळाकडच्या पाण्यात प्राणवायूच नाही. हे काठाजवळच्या खडकांतले, तिथल्या भाषेत ‘म्बुना’. बहुतेक दगडांवरचं शेवाळ खरवडून जगणारे. एका खडकाळ पट्ट्यातून मध्ये वाळू लागली की पलीकडे जात नाहीत, म्हणून पट्ट्यापट्ट्याला वेगळा रंग, वेगळी जात. चौदा पट्टेरी आहेत ते डेमसोनी, टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या पोंबो खडकांजवळचे. त्यांना शास्त्रीय नाव मिळालं १९९४ साली. पिवळ्यांची गंमत वेगळीच. त्यांचं नाव लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, आणि सेरुलियस म्हणजे निळा. १९५६ मध्ये ज्यावरून नाव ठेवलं तो मासा फिकट पांढरट-निळा होता. हा पिवळा त्याच तलावात दुसऱ्या जागी निघाला, नाव तेच राहिलं. ‘म्हणजे आपल्या गोरेंसारखं,’ काका म्हणाले. खालच्या मजल्यावरचे गोरे चांगलेच सावळे आहेत म्हणे.

आपल्याकडची पिल्लं अर्थात तलावातली नाहीत, टाकीत जन्मलेली.

काकूंनी मग मुद्द्याचं विचारलं. सुका जवळा घालू का? नको. डेमसोनीचं आतडं लांब, शेवाळ पचवायचं. त्याला प्रथिनं भरली की पोट फुगतं, खाणं सुटतं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा येते आणि चार दिवसांत मासा जातो. स्पिरुलिनाचं खाणं, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास. ‘एकादशीला,’ काकू म्हणाल्या. एकादशी पंधरा दिवसांनी येते, पण मी वाद घातला नाही.

दुपारी २.१५

दिवा बंद. पिशव्या न उघडता वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवल्या, तापमान जुळायला. टाकी २६ अंशांवर आहे. हिवाळ्याचे दोन महिने सोडले तर इथे हीटर लागत नाही, त्रास मे महिन्यात होतो.

काकांचा प्रश्न ठरलेला होता. चोवीस एकदम? पुस्तकात तर थोडे थोडे सोडायला सांगतात.

इतर माशांना ते खरं आहे. इथे आधी आलेला मासा दगड वाटून घेतो, आणि नंतर येणाऱ्याला, कल्याण लोकलमध्ये खिडकीपासून पसरून बसलेल्या माणसासारखा, चौथी सीट देत नाही. फरक इतकाच की हा मासा नुसतं तोंड फिरवत नाही, जीव घेतो. म्हणून सगळे एकाच गाडीत, एकाच वेळी. आणि भरपूर. डेमसोनीचा राग परक्यावर कमी, आपल्यासारख्या दिसणाऱ्यावर जास्त. थोडे असले की एक दादा होतो आणि एकेकाला हेरून मारतो. डझनभराच्या वर असले की त्याला कुणा एकाच्या मागे लागणं जमत नाही. एकाला ढकलतो तोवर दुसरा समोर येतो, राग वाटला जातो.

हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या टाकीत मी सहा डेमसोनी सोडले, कारण सहाचेच पैसे होते. गर्दी कमी तर मासे सुखी, असा सरळ हिशोब. दर आठवड्याला एक कमी होत गेला. मी पाणी तपासलं, औषधं ओतली, दुकानदाराला शिव्या दिल्या. महिना-सव्वा महिन्यात एकच उरला, टवटवीत, गडद निळा, सगळ्या दगडांचा मालक. तो पुढे चार वर्षं जगला. त्याच्याकडे बघायचं मला जिवावर येई.

एवढ्या गर्दीचा भार पाणी सोसतं ते फिल्टरच्या जोरावर. म्हणून या टाकीवर दोन फिल्टर आहेत, एक बंद पडला तर दुसरा. एअर पंप इन्व्हर्टरवर.

पिशव्या उघडल्या. मासे जाळीने टाकीत, पिशवीतलं पाणी मोरीत. पाचच मिनिटांत टाकी रिकामी दिसायला लागली. चोवीस मासे दगडांत विरघळून गेले. नातवाचा चेहरा उतरला. ‘सव्वा महिना थांबलास ना,’ मी म्हटलं, ‘आणखी एक तास.’

दुपारी ४.३०

दाताच्या डॉक्टरांचं क्लिनिक रविवारी बंद असतं, म्हणून तिथली सहा फुटी टाकी मी रविवारी साफ करतो. शटर उघडायला सफाईच्या मावशी येतात. ही टाकी मी मांडलेली नाही, अंगावर आलेली आहे. हिच्यात सगळंच ‘मिक्स’.

‘पिवळा आजारी आहे,’ मावशी म्हणाल्या. ‘आठ दिवस जेवला नाही. आणि तो एक ठिपक्याठिपक्यांचा रोज मरतो.’

रोज मरणारा लिव्हिंगस्टोनाय, १८५९ मध्ये मलावी तलावापाशी पोचलेल्या लिव्हिंगस्टनच्या नावाचा. तो तळाशी आडवा पडतो, अंगावरच्या डागांमुळे सडलेल्या माशासारखा दिसतो, आणि कुतूहलाने जवळ आलेलं पिल्लू गिळतो. मावशींनी दोनदा डॉक्टरांना फोन करून तो मेल्याचं कळवलं होतं.

आणि पिवळा हा पिवळी होती. हनुवटीखालचा भाग फुगलेला, तोंड मिटलेलं, मध्येच चघळल्यासारखी हालचाल. तोंडात अंडी. मी मावशींना खुर्चीवर बसवून सांगितलं: मादी अंडं घालते आणि लगेच तोंडात उचलते. नराच्या शेपटीजवळच्या खालच्या पंखावर अंड्यासारखे ठिपके असतात. ती तेही उचलायला जाते, तेव्हा नर वीर्य सोडतो, आणि तोंडातच अंडी फळतात. मग तीन आठवड्यांच्या आसपास ती काही खात नाही.

‘म्हणजे उपास धरलाय तिने,’ मावशी म्हणाल्या, आणि फडका खाली ठेवून काचेपाशी गेल्या.

पिल्लं बाहेर सोडल्यावर लिव्हिंगस्टोनाय त्यांना सोडणार नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. वाचली तरी मी ती कुणाला देणार नाही. या टाकीत झेब्रा माशांचेही नर आहेत, आणि त्यांच्याशी झालेला संकर पिवळ्याच्या नावाने खपवला जातो. कुर्ल्याच्या पिशवीतली अर्धी पिल्लं अशाच टाक्यांतून येतात.

साठ-सत्तर लिटर पाणी बदललं, स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळला. नळाखाली धुतला की जिवाणू मरतात. मावशी अजून काचेपाशीच होत्या.

संध्याकाळी ७.३०

परत चौथ्या मजल्यावर. दिवा मंद लावलेला. पिवळे बाहेर आले होते, दगडांवर चोची मारल्यासारखं टोचत. डेमसोनी कपारींच्या तोंडाशी, एकमेकांवर धावून जात, पण कुणीच कुणाचा फार पाठलाग करत नव्हतं. एकाच्या शेपटीचा कोपरा फाटला होता. तेवढं होणारच. नातवाने मोजले: दहा पिवळे, तेरा पट्टेरी. पुन्हा मोजले. तेराच. काका मोजू लागले, बँकेतल्या माणसासारखे, बोटाला थुंकी लावून.

मी दगड हलवू दिला नाही. एका माशासाठी तेवीस जणांची वाटणी मोडायची नसते.

रात्री १०.२०

घरी. जाळ्या, बादल्या, नळ्या धुऊन उन्हाच्या जागी टांगल्या. रिकामा टब मिठाच्या पाण्यात. फोन वाजला. काका म्हणाले, ‘चौदावा सापडला. मागच्या फिल्टरच्या पाइपाआड उभा आहे, आडवा नाही.’ पाठीमागून काकू विचारत होत्या, उद्या तरी काही खायला घालायचं की नाही. परवा सकाळी, चिमूटभर.

मग वही काढली. रविवार. पीएच ८.२. अमोनिया ०, नायट्राइट ०. तापमान २६. मासे २४. बुधवारी अमोनिया पुन्हा बघणे. पुढचं पाणी रविवारी, तीन बादल्या बोअरचं, तीन नळाचं. ड्रम शनिवारी रात्री भरायला सांगणे.